दोन शोषखड्ड्यांचं शौचालय: पॅन, ट्रॅप आणि रिंगांचा संच घ्यावा का?

गावात शौचालय बांधायचं म्हणून पुण्याच्या बाजारात गेलं, की दुकानदार आधी टाइल्स दाखवतो. खरा माल वेगळाच असतो: उताराचा ग्रामीण पॅन (शौचाला बसायचं भांडं), त्याचा पी-ट्रॅप (वास अडवायला पाणी धरून ठेवणारी वाकडी नळी), दोन्ही खड्ड्यांकडे वाट देणारं चेंबर, आठ सिमेंटच्या रिंगा आणि दोन झाकणं. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात सोडायचा, पहिल्यातला तोवर कुजून खत होतो. सेप्टिक टँकपेक्षा हा संच स्वस्त पडतो आणि मैला उपसायला टँकर बोलवावा लागत नाही. आमचं मत असं: पॅन आणि ट्रॅप डोळे झाकून घ्या, रिंगा मात्र उघड्या डोळ्यांनी घ्या, आणि गवंडी सगळ्यात जास्त पारखून घ्या.

ग्रामीण पॅनचा तळ २५ ते २८ अंशांत उतरता असतो आणि ट्रॅपमध्ये पाण्याचा थर फक्त २० मिलिमीटर राहतो. शहरी ट्रॅपमध्ये तो ५० असतो. त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात मैला वाहून जातो. सपाट तळाच्या पॅनला जवळपास बादलीभर पाणी लागतं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या पुरंदर-बारामतीच्या जिरायती पट्ट्यात हा फरक घरातल्या बाईच्या डोक्यावरच्या हंड्यांमध्ये मोजावा लागतो. जास्तीचं पाणी शेवटी शोषखड्ड्यातच जातं, हेही लक्षात ठेवायला हवं. पॅन आणि ट्रॅप एकाच कंपनीचे घ्या आणि दुकानातच जोडून बघा. सांध्यात कड राहिली तर मैला तिथेच अडकतो. बसवताना ट्रॅपवर लेव्हल लावून बघायलाच हवी. तो जरा कलला तरी २० मिलिमीटरचा थर मोडतो, आणि मग घरात वास येतो. बऱ्याच ठिकाणी अशा वासावर उपाय म्हणून व्हेंट पाइप (वायू वर सोडणारी नळी) उभा करतात. या प्रकारच्या खड्ड्याला त्याची गरजच नसते, वायू आजूबाजूच्या मातीत जिरतो.

आता रिंगा. आतला व्यास १ मीटर, उंची ३० सेंटिमीटर, एका खड्ड्याला चार. वरची रिंग बिनभोकाची, खालच्या तीन भोकांच्या, आणि तळाला काँक्रीट एरवी नको. विकत मिळणाऱ्या रिंगांमध्ये दोन दोष हमखास सापडतात: भोकं कमी किंवा सिमेंटने बुजलेली, आणि पाणी न मारता उन्हात वाळवलेला माल. अशी रिंग घाटरस्त्याने वेल्ह्यापर्यंत जाईतो तडकते. म्हणून दहा-पंधरा घरांनी मिळून लोखंडी साचा आणावा आणि रिंगा गावातच पाडाव्यात, हे आम्हाला जास्त पटतं. सिमेंट, वाळू, खडीचं १:२:४ मिश्रण, ५ सेंटिमीटर जाडी, भोकांसाठी पाइपाचे तुकडे घालून वेळेवर फिरवून काढायचे, आणि किमान सात दिवस ओलं पोतं. बचत गटाच्या बायका हे काम उत्तम करतात. जवळपास वीटभट्टी असेल तर साडेचार इंची जाळीदार वीटकामही तितकंच चांगलं.

माप एवढं लहान कसं पुरेल, असं सगळेच विचारतात. १ मीटर व्यास आणि १ मीटर खोलीत सुमारे ७८५ लिटर मावतात. माणशी वर्षाला साधारण ४५ लिटर गाळ धरला, तर पाच जणांचा २२५. म्हणजे तीन वर्षं सहज निघतात. तरीही दोनाऐवजी दहा फूट खोल एकच खड्डा घ्यायचा आग्रह होतो. तो पाण्याच्या पातळीजवळ पोचतो, मैला नीट कुजत नाही, आणि भरल्यावर घरच्यांना हात लावता येत नाही.

जमिनीप्रमाणे काम बदलतं, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. मुरमात काही विशेष करावं लागत नाही. दौंड-इंदापूरच्या काळ्या मातीत मात्र रिंगेभोवती ३० सेंटिमीटर वाळू-खडीचा वेढा हवाच, कारण ही माती फुगली की पाणी शोषत नाही. मुळशी-वेल्ह्याच्या भातपट्ट्यात पावसाळ्यात पाणी वर येतं. तिथे खड्डे आणि ओटा दोन्ही उचलून घ्या आणि खड्ड्याभोवती मीटरभर भराव धुम्मस करून दाबा. खड्ड्याच्या तळाखाली दोन मीटरच्या आत भूजल येत असेल, किंवा खडक भेगाळलेला असेल, तर तळ बंद करून चारी बाजूंनी अर्धा मीटर वाळू भरा. विहीर, आड, बोअर यांपासून दहा मीटर अंतर सोडा.

चेंबरमधून एका वेळी एकच तोंड उघडं ठेवायचं. दुसरं अर्ध्या विटेने आणि मातीच्या गाऱ्याने बंद. सिमेंटने बुजवलं तर तीन वर्षांनी छिन्नी लागते. दोन्ही तोंडं उघडी सोडणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. मग दोन्ही खड्डे बरोबरच भरतात आणि दुसऱ्या खड्ड्याचा उपयोगच राहत नाही. पाइपला १५ फुटांत एक फूट उतार द्या आणि त्याचं टोक खड्ड्यात दहा सेंटिमीटर पुढे काढा, नाहीतर मैला भिंतीवरून ओघळून भोकं बुजवतो. अंघोळीचं पाणी आत नको, अ‍ॅसिडही नको.

शासनाचं १२,००० रुपयांचं अनुदान मिळालं तर ते आधी जमिनीखाली घाला. दार पत्र्याचं चालतं.

भरलेला खड्डा दीड ते दोन वर्षं बंद ठेवायचा. जंतांची अंडी मरायला एवढा काळ लागतो. खड्डा बदलल्याची तारीख चेंबरच्या झाकणावर ओल्या सिमेंटात कोरून ठेवा. उन्हाळ्यात उघडल्यावर निघतं ते काळपट, भुसभुशीत, बिनवासाचं सोनखत. ओलसर आणि वासाचं असेल तर झाकून आणखी थांबा.

गावठाणात घराला घर चिकटलेलं असेल तर दोन सुटे खड्डे बसत नाहीत. तिथे एकच मोठा खड्डा घेऊन मध्ये भरीव भिंत घाला. ती तळाखाली नऊ इंच उतरलेली आणि दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली हवी. गोठा असेल तर शौचालयाला जोडलेला बायोगॅस अधिक फायद्याचा. देहूत डॉ. सुहास मापुस्करांनी त्यावर कित्येक वर्षं काम केलं, २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. संच घेण्याआधी देहूला एक चक्कर जरूर मारा.