समांतर कामांसाठी टाइप-सेफ हेल्पर: टपल की ऑब्जेक्ट, प्रॉमिस की फंक्शन?

टाइपस्क्रिप्टमध्ये (जावास्क्रिप्टला टाइपांची जोड देणाऱ्या भाषेत) एकमेकांवर अवलंबून नसलेली असिंक्रोनस कामे, म्हणजे ज्यांचा निकाल नंतर येतो अशी कामे, एकाच वेळी सुरू करून त्यांचे निकाल एकत्र हवे असतील, तर 'प्रॉमिस.ऑल' हाताशी असतेच; प्रॉमिस म्हणजे नंतर येणाऱ्या निकालाची जागा धरणारे मूल्य. त्यावर स्वतःचे हेल्पर (सोयीसाठीचे फंक्शन) लिहायला घेतले की मात्र दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात: कामे टपलमध्ये (प्रत्येक जागेचा टाइप ठरलेल्या यादीत) घ्यायची की ऑब्जेक्टमध्ये (नावाखाली मूल्य ठेवणाऱ्या रचनेत), आणि हेल्परच्या हाती प्रॉमिस द्यायचे की प्रॉमिस परत करणारे फंक्शन.

टपलची बाजू सोपेपणाची आहे. कंपायलर प्रत्येक जागेचा टाइप स्वतंत्रपणे लक्षात ठेवतो आणि 4.5 या आवृत्तीपासून उपलब्ध असलेला 'अवेटेड' टाइप आतले प्रॉमिस उलगडून देतो. मात्र हीच यादी आधी एखाद्या व्हेरिएबलमध्ये ठेवली, तर टपलचा साधा अ‍ॅरे होतो आणि प्रत्येक निकालाला सगळ्या टाइपांचे युनियन, म्हणजे 'यांपैकी कोणताही एक' असा टाइप, चिकटते. ते टाळण्यासाठी यादीला टपल म्हणूनच धरायला सांगणारे 'अ‍ॅज कॉन्स्ट' लिहावे लागते. याहून मोठी अडचण सारख्या टाइपांची आहे. ग्राहकांची संख्या आणि ऑर्डरींची संख्या, दोन्ही 'नंबर' असतील आणि निकाल घेणाऱ्या डावीकडच्या नावांची अदलाबदल झाली, तर कंपायलर अवाक्षरही काढत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते.

ऑब्जेक्ट घेणाऱ्या हेल्परमध्ये निकाल जागेवरून नव्हे, तर नावावरून मिळतो, त्यामुळे ही चूक होण्याची वाटच बरीचशी बंद होते. त्याची किंमत हेल्परच्या आत मोजावी लागते. 'ऑब्जेक्ट.एंट्रीज' आणि 'ऑब्जेक्ट.फ्रॉमएंट्रीज' यांतून (ऑब्जेक्टची नाव-मूल्य जोड्यांत फोड आणि पुन्हा जुळणी) जाताना कोणत्या नावाला कोणता टाइप हे नाते हरवते, म्हणून शेवटी एक टाइप असर्शन करावेच लागते, म्हणजे टाइप कोणता हे आपणच कंपायलरला ठासून सांगावे लागते. त्या एका ओळीची शहानिशा कंपायलर करत नाही, ती टेस्टने करावी. तीन किंवा अधिक कामे असतील, तर माझा कौल निःसंशय ऑब्जेक्टला आहे.

दुसरा निर्णय अधिक महत्त्वाचा, कारण तो नंतर बदलणे महाग पडते. प्रॉमिस हेल्परपर्यंत पोहोचते तेव्हा त्यामागचे काम बहुधा सुरू झालेले असते. एका वेळी पाचच विनंत्या पाठवा, असे त्यानंतर सांगून उपयोग नसतो. फंक्शन घेतले, तर केव्हा सुरू करायचे हे हेल्परच्या हातात राहते, आणि प्रत्येक फंक्शनला 'अबॉर्टसिग्नल' (काम थांबवण्याची सूचना पोहोचवणारा ऑब्जेक्ट) देऊन उरलेली कामे थांबवण्याची सोयही करता येते. 'प्रॉमिस.ऑल' स्वतः हे करत नाही: पहिले अपयश येताच ते नाकारले जाते, बाकीची कामे मात्र पाठीमागे चालूच राहतात. कॉल करताना दर वेळी फंक्शनचे बाण आणि कंस ('() =>') लिहावे लागतात, ही तक्रार खरी असली तरी किरकोळ आहे.

एखाद्या कामाचे अपयश चालणार असेल, तर 'प्रॉमिस.ऑलसेटल्ड'वर, म्हणजे सगळी कामे संपेपर्यंत थांबून प्रत्येकाचे यश किंवा अपयश कळवणाऱ्या फंक्शनवर, आधारलेले वेगळे हेल्पर ठेवावे. एकाच फंक्शनला पर्याय देऊन परतीचा टाइप बदलत ठेवू नये. 'ऑलसेटल्ड'च्या निकालात यश की अपयश ही स्थिती तपासल्याशिवाय मूल्य वापरू दिले जात नाही, हे चांगलेच. अपयशाचे कारण मात्र 'एनी' (कंपायलर काहीच तपासत नाही असा) टाइपचे येते, ते हेल्परमध्येच 'अननोन' (आधी तपासल्याशिवाय वापरता न येणारा टाइप) करून द्यावे.

हे सगळे नेटवर्क किंवा डेटाबेसची वाट पाहणाऱ्या कामांना लागू आहे. प्रोसेसर खाणारी गणिते एकाच थ्रेडवर आळीपाळीनेच चालतात. त्यांना वर्कर (वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे कोड चालवण्याच्या स्वतंत्र धाग्यावर, चालणारा) हवा, आणि वर्करकडे संदेशातून फंक्शन पाठवता येत नसल्यामुळे तिथे कामाचे नाव व त्याचा डेटा यांच्यावर टाइप बसवणारे निराळेच हेल्पर लिहावे लागते.