छपाईनंतर कागद कुठे जाणार? पिगमेंट आणि डाय शाईची निवड

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीत नवा इंकटँक प्रिंटर (टाकीत बाटलीने शाई भरायचा) घ्यायला निघालेला माणूस दुकानदाराला बाटलीची किंमत विचारतो आणि पानामागे किती खर्च येईल ते विचारतो. बाटलीतली शाई कोणत्या जातीची आहे, हे विचारायचे बहुधा राहून जाते. पहिल्याच पावसाळ्यात भिजलेल्या पिशवीतून अर्ज बाहेर काढावा आणि त्यावरची अक्षरे पसरलेली दिसावीत, तेव्हा तो प्रश्न आठवतो. माझ्या डीटीपीच्या (संगणकावर मजकूर जुळवून छापून देण्याच्या) दुकानात दोन्ही प्रकारच्या शाया रोज वापरात असतात. त्या अनुभवावरून माझे ठाम मत असे झाले आहे की, छापलेला कागद पुढे कुठे जाणार आहे हे एकदा ठरले की शाईची निवड अवघड राहत नाही.

डाय शाईत रंग पाण्यात पूर्णपणे विरघळलेला असतो, साखर पाण्यात विरघळते तसा. पिगमेंट शाईत रंगाचे अतिसूक्ष्म घन कण, साधारणपणे 100 नॅनोमीटरच्या आसपासचे, द्रवात तरंगते ठेवलेले असतात. डाय शाई कागदावर पडली की पाण्याबरोबर रंगही तंतूंमध्ये शिरतो. पिगमेंटच्या बाबतीत पाणी मुरते आणि कण बहुतांशी पृष्ठभागावर बसून राहतात. पुढचे सारे गुणदोष या एका फरकातून येतात.

आधी साध्या कागदाचा विचार करू, कारण आपल्याकडचे निम्म्याहून अधिक काम त्यावरच होते. सीमाभागातल्या कागदावर पुष्कळदा दोन लिप्या शेजारी शेजारी नांदतात. कार्यालयात द्यायचा अर्ज कन्नडमध्ये, सोबतचे निवेदन मराठीत, आणि मंडळाच्या किंवा पतसंस्थेच्या सूचनेवर दोन्ही भाषा. देवनागरीतला अनुस्वार, रफार आणि ‘ष’च्या पोटातली तिरपी रेघ, तसेच कन्नडमध्ये अक्षराखाली बसणारे छोटे जोडाक्षर, हे सगळे नाजूक अवयव आहेत. 70 किंवा 75 जीएसएमच्या (एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) झेरॉक्स कागदावर 9-10 पॉइंटचा मजकूर डाय शाईने काढला, तर तंतूंच्या वाटेने शाई फुटते, अक्षरांची पोटे भरून येतात आणि अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेच्या दिशेने सरकल्यासारखा दिसतो. रोमन अक्षरे हा त्रास बऱ्यापैकी सहन करतात, आपल्या दोन्ही लिप्यांना तो लगेच जाणवतो. काळ्या पिगमेंट शाईने काढलेले अक्षर त्याच कागदावर कडेला स्वच्छ राहते, काळेपणा गडद येतो आणि मागच्या बाजूला छाया कमी उतरते. दोन्ही बाजूंनी छापायच्या प्रश्नपत्रिकेसाठी ही मोठी सोय आहे. ओळींवर हायलायटर फिरवायचा असेल तरी वाळलेली पिगमेंट शाई सहसा फिसकटत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला कागद कोरडा ठेवणे म्हणजे काय असते हे सांगायला नको. साध्या कागदावरची डाय शाई थेंब पडताच विरघळू लागते, कारण ती मुळातच पाण्यात विरघळणारी आहे. पिगमेंटचे अक्षर भिजले तरी वाचता येते. ते ओले असताना जोरात चोळले तर मात्र काळे ओरखडे पडतात, म्हणून त्याला पूर्ण जलरोधक म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. आपल्या घरच्या प्रिंटरमध्ये कोणती शाई आहे याचा अंदाज घ्यायचा असेल, तर एक पान छापून दिवसभर वाळू द्यावे आणि ओले बोट अक्षरावरून हळूच फिरवावे. रंग पाण्यासारखा पसरला तर ती डाय आहे.

फोटोच्या बाबतीत पारडे फिरते. चकचकीत फोटो कागदावर डाय शाई त्या कागदाच्या लेपात मुरते आणि वरची चमक अखंड राहते. लग्नातल्या शालूचा लाल, हळदीचा पिवळा, तोरणाचा हिरवा असे भरदार रंग तिच्यात जिवंत उतरतात. एप्सनच्या एल 805 आणि एल 1800 या सहा रंगांच्या टँक प्रिंटरांत डाय शाईच आहे, त्यामागे हे कारण आहे. पिगमेंटचे कण चकचकीत कागदावर थर करून बसतात, त्यामुळे फोटो तिरपा धरला की गडद भागावर तांबूस झाक दिसते आणि पांढऱ्या जागेची चमक निराळी वाटते. महागड्या पिगमेंट प्रिंटरांत यासाठी वरून पारदर्शक लेप देणारी वेगळी शाई असते, पण छोट्या दुकानाला तो खर्च झेपण्यासारखा नाही. मॅट कागदावर मात्र पिगमेंट फार सुंदर दिसते.

टिकाऊपणाची गोष्ट जरा सविस्तर सांगावी लागेल. रंग उडण्याला उन्हाइतकीच हवासुद्धा कारणीभूत असते. 2000 साली एप्सनच्या स्टायलस फोटो 870 आणि 1270 या डाय शाईच्या प्रिंटरांवर विशिष्ट कागदावर काढलेले फोटो उघड्या हवेत काही आठवड्यांतच नारिंगी पडू लागल्याच्या तक्रारी आल्या होत्या. हवेतला ओझोन त्यातला निळसर सायन रंग खात होता. त्याच वर्षी त्याच कंपनीचा स्टायलस फोटो 2000पी पिगमेंट शाई घेऊन आला. त्याचे फोटो टिकाऊ होते, पण घरातल्या दिव्याखाली ठीक दिसणारा फोटो दिवसाच्या उजेडात हिरवट वाटे. पुढे दोन्ही शाया पुष्कळ सुधारल्या, तरी मूळ स्वभाव कायम आहे. विरघळलेल्या रंगाचा प्रत्येक रेणू ऊन आणि ओझोन यांच्या तावडीत सापडतो, तर कणातले आतले रेणू बाहेरच्या थराआड सुरक्षित राहतात. म्हणून अल्बममध्ये किंवा काचेच्या फ्रेममध्ये जाणाऱ्या फोटोला डाय चालते. दुकानाच्या दर्शनी काचेवर चिकटवायच्या रंगीत दरपत्रकाला ती चालत नाही. तेथे पिगमेंट घ्यावी, किंवा डायचा कागद पूर्ण वाळवून चारही कडा बंद होतील असे पाऊच लॅमिनेशन करावे.

पिगमेंटचा खरा त्रास देखभालीचा आहे. कण तळाशी बसू शकतात आणि नोझलमध्ये, म्हणजे शाई फवारणाऱ्या हेडच्या बारीक छिद्रांत, वाळले तर सहजासहजी सुटत नाहीत. अथणीकडच्या कोरड्या उन्हाळ्यात महिनाभर बंद पडलेला पिगमेंट प्रिंटर सुरू करताना मी दोनतीनदा हेड क्लीनिंग केले आहे, आणि प्रत्येक क्लीनिंगमध्ये चांगली शाई वाया जाते. डाय शाई तुलनेने लवकर मोकळी होते. ज्या घरात महिन्याकाठी दहा-पंधरा पानेच निघतात, तेथे सर्व रंग पिगमेंटचे असलेला प्रिंटर घेऊ नये असे मला मनापासून वाटते.

बहुतेकांसाठी मधला मार्ग सोयीचा आहे. कॅनॉनच्या जी मालिकेतल्या आणि एचपीच्या इंकटँक प्रिंटरांत बऱ्याच ठिकाणी काळी शाई पिगमेंटची आणि तीन रंग डायचे असतात. अर्ज, दाखल्यांच्या प्रती, शाळेची कामे आणि अधूनमधून एखादा फोटो असे मिश्र काम असलेल्या घराने किंवा नव्या डीटीपी दुकानाने हाच प्रकार घ्यावा. ज्यांच्याकडे रोज रंगीत तक्ते आणि पत्रके निघतात आणि ती बाहेर लागतात, त्यांनी चारही रंग पिगमेंटचे असलेले यंत्र पाहावे. फोटो स्टुडिओने सहा रंगांच्या डाय प्रिंटरचा आग्रह सोडू नये. कपावर आणि टी-शर्टवर उतरवायची सब्लिमेशन शाई हा वेगळाच प्रकार आहे, तिचा या निवडीशी संबंध नाही.

बाटली विकत घेताना तिच्यावरचा शाईचा प्रकार आणि प्रिंटरचे मॉडेल वाचून घ्यावे. डायच्या टँकमध्ये पिगमेंट ओतली किंवा उलट केले, तर दोन्ही शाया एकमेकींत मिसळून गुठळ्या होऊ शकतात आणि हेड बदलण्याची वेळ येते. लेबल नसलेली स्वस्त बाटली या कारणासाठी मी दुकानात ठेवत नाही. आठवड्यातून एकदा नोझल चेकचे, म्हणजे सगळी छिद्रे मोकळी आहेत का हे दाखवणारे, पान काढावे. वीज जाण्याचा आपल्याकडचा नेम लक्षात घेऊन प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करावा आणि मगच भिंतीवरचे बटण दाबावे, कारण बटणाने बंद केल्यावर हेड आपल्या झाकणाखाली नीट जाऊन बसते. छपाई चालू असताना वीज गेली, तर ती परत येताच प्रिंटर एकदा सुरू करून पुन्हा बटणाने बंद करावा. पिगमेंटच्या बाबतीत ही काळजी एका रात्रीसाठीसुद्धा टाळू नये.