गांडूळखताचा तयार बेड: कापड दणकट, तोटी कच्ची

१२ फूट लांब, ४ फूट रुंद, २ फूट उंच. बाजूच्या खोळींत बांबू घातले की तासाभरात उभा. कापड, शिवण, हवेसाठीच्या जाळ्या, कशालाच नाव ठेवायला जागा नाही. घोळ आहे तो तळाच्या तोटीचा.

बेडमधलं लाल गांडूळ, आयसेनिया फेटिडा, कातडीतून श्वास घेतं. म्हणून कातडी सतत ओली लागते. त्याच कातडीतून पाणी आत झिरपत राहतं. ते उपसायला पहिली तीन वळी सोडून जवळपास प्रत्येक वळ्यात वेटोळ्या नळ्यांची, म्हणजे नेफ्रिडियांची, एकेक जोडी असते. कामाचे क्षार नळीत परत ओढले जातात. पातळ लघवी, अमोनिया आणि युरिया बाहेर पडतो. वावरातलं फेरेटिमा जातीचं गांडूळ इथे कंजूष: त्याच्या बऱ्याच नळ्या आतड्यात उघडतात, पाणी तिथंच पुन्हा शोषलं जातं. लाल गांडुळाला ही सोय नाही.

म्हणजे वरून ओल हवी आणि खालून निचराही. या तोटीची जाळी बारीक, सोयाबीनच्या कुटारानं लगेच बुजते. मग तळाशी पाणी तुंबतं, हवा संपते, अमोनिया साचतो आणि गांडुळं कापडावर चढू लागतात. भरण्याआधीच जमिनीला तोटीकडे ३ इंच उतार द्या, तळाला ४ इंच तुऱ्हाटीचे तुकडे अंथरा, तोटीच्या तोंडाशी नायलॉन जाळीत बांधलेली बारीक गिट्टी ठेवा. ताजं शेण नको. १५-२० दिवस मुरलेलं, थंड झालेलंच भरा.

सोबतच्या कागदावर 'रोज पाणी शिंपडा' एवढंच छापलंय. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात हा सल्ला घातक आहे. तिथल्या बोअरचं पाणी खारं; ते उडून जातं, मीठ बेडमध्येच राहतं. बाहेरचा खार अंगातल्यापेक्षा वाढला की पाणी उलटं कातडीतून बाहेर ओढलं जातं. नळ्यांकडे त्यावर इलाज नाही. गांडूळ आक्रसतं, सुस्तावतं, मरतं. तिथं साठवलेलं पावसाचं किंवा गोडं पाणीच वापरा. मूठभर माल दाबून एक-दोन थेंब निघाले तर ओल बरोबर. धार लागली तर दोन दिवस पाणी बंद.

सोबत येणारी सावलीची हिरवी नेट एकेरी आहे. मे महिन्यात तिच्यावर पऱ्हाटीचा मांडव घालावाच लागतो.