डस्टी इन मेम्फिस : आवाज न चढवता गायलेला सोल

आधी मत सांगते, मग बाकीचं. ब्रिटिश गायिका डस्टी स्प्रिंगफील्डचा 'डस्टी इन मेम्फिस' हा १९६९ चा अल्बम म्हणजे अकरा गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासापेक्षा जरासा जास्त वेळ, आणि एवढ्यात एकदाही असं वाटत नाही की बाई आपल्याला गळा दाखवतीये. गळा केवढा आहे हे तिच्या आधीच्या गाण्यांमुळे माहितीये, म्हणून तर हे आवरून गाणं जास्त भिडतं. ज्यांनी ऐकला नसेल त्यांनी प्लीज ऐका, आणि सलग ऐका.

आमचा एरंडवण्यात एक छोटा ग्रुप आहे, रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो, एक अल्बम लावायचा, मध्ये कुणी बोलायचं नाही, संपला की मग पोटभर बोलायचं. वय, आवड काही जुळत नाही आमचं. एक काका आहेत जे सवाई रमणबागेत व्हायचा तेव्हापासून जातायत, एक कॉलेजातली पोरगी बँडमध्ये ड्रम्स वाजवते, एक मैत्रीण किराणा घराण्याचं गाणं शिकते, आणि एक काकू ज्यांच्यासाठी आशाबाईंच्या पुढे जगात कुणी नाही. ह्या अल्बमवर झालं तेवढं भांडण बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

थोडी पार्श्वभूमी सांगते कारण त्याशिवाय भांडण कळणार नाही. डस्टी लंडनची, आयरिश घरातली. आधी भावाबरोबर फोक ग्रुपमध्ये, मग १९६३ पासून एकटीनं पॉप, मागे भलामोठा ऑर्केस्ट्रा आणि वर तिचा खणखणीत आवाज. पण मनातून वेड अमेरिकेतल्या ब्लॅक संगीताचं, म्हणजे सोलचं. आणि ते नुसतं रेकॉर्डी जमवण्यापुरतं नव्हतं, १९६४ ला दक्षिण आफ्रिकेत गोऱ्या-काळ्यांना वेगळं बसवणाऱ्या कार्यक्रमांत गाणार नाही म्हणून ती अडून बसली आणि तिला देशाबाहेर घालवलं, पुढच्याच वर्षी ब्रिटिश टीव्हीवर मोटाउन ह्या अमेरिकेतल्या ब्लॅक संगीताच्या रेकॉर्ड कंपनीच्या कलाकारांचा खास कार्यक्रम झाला तो तिनंच होस्ट केला. त्यामुळे गोऱ्या पॉप गायिकेनं फॅशन म्हणून सोल गायला असं कुणी म्हटलं की मला पटतच नाही.

अटलांटिक ह्या रेकॉर्ड कंपनीनं तिला अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात नेलं, अमेरिकन साउंड स्टुडिओत. प्रोड्यूसर तीन, जेरी वेक्सलर, टॉम डाउड आणि आरिफ मार्डिन. (मार्डिन म्हणजे तेच, ज्यांनी पुढे २००२ मध्ये नोरा जोन्सचा पहिला अल्बम केला, आपल्याकडे पंडित रविशंकरांची मुलगी म्हणून तो घरोघरी पोचला. दोन्ही एकामागे एक लावून बघा, आवाजाभोवती मोकळी जागा ठेवायची तीच सवय ऐकू येते.) तिथले वादक एकत्र बसून वाजवत वाजवत गाणं उभं करायचे, आणि डस्टीला सवय सगळं तयार असलेल्या ऑर्केस्ट्राची. त्यात याच जागी सोल गायक विल्सन पिकेट उभं राहून गायलाय असं कानावर आलं की ती अजूनच आखडायची. शेवटी मेम्फिसमध्ये तिचं गाणं मनासारखं झालंच नाही, फायनल आवाज न्यूयॉर्कला रेकॉर्ड झाला. नावात मेम्फिस, आवाज न्यूयॉर्कचा.

हे कळल्यावर आमची ड्रमर म्हणाली, मग बरोबर, मला तिथेच काहीतरी खटकत होतं. तिचं म्हणणं असं की सोलमध्ये गाणारी आणि बँड यांची झटापट ऐकू यायला पाहिजे, सोलची मोठी गायिका अरीथा फ्रँकलिन ऐकताना येते तशी, आणि इथे डस्टी बँडपासून जरा लांब उभी राहिल्यासारखी वाटते. जीन क्रिसमनच्या ड्रम्सवर मात्र ती फिदा, एक स्ट्रोक जास्तीचा नाही म्हणे. मला तिचा मुद्दा समजतो पण मान्य नाही. मला ते लांब उभं राहणंच आवडलं. घाबरलेली असेल, असू दे, पण त्या घाबरण्यातून जे आलं ते तिच्या आधीच्या कुठल्याच रेकॉर्डवर नाही.

पुरावा देते. १९६६ मधलं तिचं ब्रिटनमधलं नंबर एकचं गाणं होतं 'यू डोन्ट हॅव टू से यू लव्ह मी', मूळ इटालियन चाल, त्यात ती शेवटी शेवटी अक्षरशः छप्पर उडवते. ह्या अल्बमवर 'ब्रेकफास्ट इन बेड' नावाचं गाणं आहे, एडी हिंटन आणि डॉनी फ्रिट्सनी लिहिलेलं, त्यात तीच ओळ मुद्दाम परत येते. पण इथे ती ओळ ती अगदी समोर बसलेल्या माणसाला सांगावी तशी गाते. शब्द तेच, बाई तीच, तीन वर्षांत किती पुढे गेली. ही दोन गाणी पाठोपाठ लावली तेव्हा आमच्या ग्रुपात कुणीच काही बोललं नाही थोडा वेळ, आणि मग काकू म्हणाल्या, उमराव जानच्या वेळी खय्यामनी आशाबाईंना खालच्या सुरात गायला लावलं होतं ना, तसंच झालंय हे. मला वाटतं अख्ख्या चर्चेतलं सगळ्यात नेमकं वाक्य ते. आशाबाईंनी पण काय काय नाही गायलं, नाट्यगीत, लावणी, कॅबरे, गझल, आणि दर वेळी आवाज त्याच बाईंचा राहिला. घराणं बदललं तरी माणूस न बदलणं हे फार कमी लोकांना जमतं.

किराण्यावालीनं वेगळंच काहीतरी पकडलं. ती म्हणाली हिचं शब्द टाकणं बघ, लयीच्या किंचित मागे राहते, आता चुकणार असं वाटतं आणि बरोबर समेवर येते. 'सन ऑफ अ प्रीचर मॅन' मध्ये हे फार मस्त कळतं. रेजी यंगची ती गिटार, टॉमी कॉगबिलचा बास, मागे स्वीट इन्स्पिरेशन्सचा कोरस, सगळं चालत असतं आणि ती आरामात. हे गाणं आधी अरीथाला दिलं होतं, तिनं नाही म्हटलं, डस्टीनं गायलं, ते ब्रिटन-अमेरिका दोन्हीकडे पहिल्या दहात गेलं आणि मग अरीथानंही गायलं. बऱ्याच जणांना हे १९९४ च्या 'पल्प फिक्शन' सिनेमामुळे माहिती असतं, आमच्यातल्या दोघांना पण तेवढंच माहिती होतं. काकांचं म्हणणं मात्र असं की हे हिट गाणं बाजूला ठेवा, खरी गायकी 'आय डोन्ट वॉन्ट टू हिअर इट एनीमोअर' मध्ये आहे. रँडी न्यूमनचं गाणं, पातळ भिंतीपलीकडून शेजारी आपल्याच संसाराबद्दल कुजबुजतायत आणि ही ऐकतीये. काका इंग्रजी गाण्यांत फारसे रमत नाहीत, पण ह्याला म्हणाले, ठहराव आहे. काकांकडून हे येणं म्हणजे मोठी गोष्ट.

सगळंच आवडलं असं नाही. रेकॉर्डची दुसरी बाजू पहिलीइतकी घट्ट नाही. 'इन द लँड ऑफ मेक बिलीव्ह' बॅकरॅक-डेव्हिड ह्या नामी गीतकार-संगीतकार जोडीचं असूनही मला पोकळ वाटलं, आणि 'द विंडमिल्स ऑफ युअर माइंड' गाणं म्हणून सुंदर असलं तरी ते फ्रेंच वळणाचं, मेम्फिसच्या बँडला ते अंगाबाहेरचं जातं. व्हायोलिन्स काही ठिकाणी जास्त झालीयेत, 'जस्ट वन स्माइल' मध्ये तर तिच्या आवाजावर चढतात. पण त्याच बाजूला गॉफिन-किंग ह्या दुसऱ्या जोडीचं 'नो इझी वे डाउन' आहे, आणि ते माझं सध्याचं सगळ्यात आवडतं. दमलेल्या माणसाचं गाणं आहे ते, आणि ती कुठेही रडत नाही.

एवढं असून अमेरिकेत हा अल्बम चार्टवर ९९ च्या वर गेला नव्हता. लोकांना बहुतेक जुनी, छप्पर उडवणारी डस्टीच हवी होती. ती १९९९ मध्ये गेली, तोवर निदान ह्या अल्बमला मोठं म्हणायला सगळ्यांनी सुरुवात केली होती याचं मला खरंच बरं वाटतं.

ऐकायचं कसं ते सांगते. स्ट्रीमिंगवर जास्तीची गाणी जोडलेल्या एडिशन्सही दिसतात, त्या नंतर ऐका, आधी मूळची अकराच त्याच क्रमानं, 'जस्ट अ लिटल लव्हिन' पासून 'आय कान्ट मेक इट अलोन' पर्यंत. फोनच्या स्पीकरवर लावू नका, बास गेला की अर्धा अल्बम गेला. साधे हेडफोन चालतील. ज्यांना सोल म्हणजे अंगावर येणारं, घाम काढणारं गाणंच लागतं त्यांना पहिल्यांदा थंड वाटेल, त्यांनी 'ब्रेकफास्ट इन बेड' पासून सुरुवात करावी. ड्रमरला अजून पटलेलं नाही, पुढच्या रविवारी ती अरीथाचं 'प्रीचर मॅन' घेऊन येतीये आणि दोन्ही शेजारी शेजारी लावायची आहेत, तेव्हा कोणाचं काय मत आहे ते खाली लिहा, मला वाद घालायला मुद्दे पाहिजेतच.