पाती नव्हे, तोंडाची पट्टी! जुन्या कडबाकुट्टीचा आठ महिन्यांचा अनुभव

मार्चमध्ये, ऐन कडबा घरी यायच्या वेळी आमच्या कडबाकुट्टीनं, म्हणजे जनावरांचा चारा बारीक कापायच्या यंत्रानं, दगा दिला. वडिलांनी घेतलेलं जुनं लोखंडी यंत्र, दोन पात्यांचं, 2 एचपी सिंगल फेज मोटारीवरचं. मालदांडी ज्वारीची ताटं कापायच्याऐवजी चेंदायला लागलं. पेंढी जरा जाड लागली की मोटार नुसती घुमायची आणि थांबायची. तालुक्याच्या दुकानदारानं यंत्र न बघताच सांगितलं, "भंगारात घाला, नवीन न्या." 28 हजार! त्याआधीच्या सहा महिन्यांत याच माणसानं मला दोनदा नवी पाती विकली होती. तो राग अजून गेलेला नाही.

शेजारच्या गावातला एक म्हातारा फिटर आला. त्यानं पात्यांकडे बघितलंही नाही. यंत्राच्या तोंडावरच्या बसक्या पट्टीवर, म्हणजे फिरती पाती जिच्या कडेशी ताटं कापतात त्या न हलणाऱ्या पट्टीवर, नख फिरवलं आणि म्हणाला, "मालक, कात्रीचं एकच पातं किती दिवस घासणार?"

सगळं दुखणं तिथं होतं. पट्टीची कड झिजून गोल झाली होती. पातं आणि पट्टी यांच्या फटीतून काडेपेटीची काडी आरपार जात होती. एवढ्या फटीत ताट कापलं जात नाही, वाकून ओढलं जातं, आणि तो सगळा भार मोटारीवर येतो. पट्टी काढून उलटी केली, कड ग्राइंडरवर सरळ करून घेतली. मग मोटारीची वायर काढून पात्यांचं चाक हातानं फिरवायचं आणि फटीत वहीच्या कागदाची पट्टी धरायची. कागद स्वच्छ कापला पाहिजे, डाव्या टोकाला, उजव्या टोकाला, दोन्ही पात्यांनी. आमचं एक पातं लागत होतं, दुसरं लांब राहत होतं. त्याच्यामागं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून घातला. अर्धा दिवस गेला, पण असं लक्ष देऊन केलेलं काम मी फार दिवसांनी बघितलं.

खर्च: ग्राइंडिंग 300, दोन बेअरिंग 740, पट्टा 380, कंडेन्सर 250, मजुरी 1,200. एकूण 2,870 रुपये.

मे महिन्यात यंत्र पुन्हा अडायला लागलं. मोटार जळायला आली, रिवाइंडिंग करावं लागणार, असं मी घरी सांगून बसलो होतो. ते माझं चुकलं. मीटर लावला तर 230 च्या जागी 180 व्होल्ट. एवढ्या व्होल्टेजला मोटारीचा जोर साठ टक्क्यांच्या आसपासच उरतो. त्यात कुणीतरी कधीकाळी मोटारीला 4 इंची पुली बसवलेली. 1440 फेऱ्यांची मोटार आणि चाकाची पुली 18 इंची, म्हणजे चाक मिनिटाला 320 फेरे घेत होतं. 3 इंची पुली आणि तिच्या मापाचा पट्टा लावला, फेरे 240 वर आले. कुट्टीला वेळ जास्त लागतो, पण यंत्र अडत नाही.

वीज वाचवायला एक पातं काढूनही बघितलं. तुकडे दुप्पट लांब झाले, चाकाचा तोल गेला, सगळं यंत्र थरथरायला लागलं. त्याच दिवशी परत बसवलं. कुणी करू नका.

पावसाळ्यात हिरव्या मक्याचा चीक पट्टीवर बसतो. रात्रभर तसाच राहिला की सकाळी गंज दिसतो, म्हणून काम झालं की फडक्यानं पुसून तेलाचा हात देतो. दर पंधरा दिवसांनी कागद लावून बघतो. आधी देवणी गाय आणि दोन बैलांच्या गव्हाणीतून रोज सकाळी टोपलंभर चघळ, म्हणजे न खाता टाकलेला चारा, निघायची. आता ओंजळभर निघते. दुष्काळी भागात कडब्याचा भाव काय होतो हे माहीत असणाऱ्याला यापुढं सांगायला नको.

एक काम राहिलंय. पेंढी आत ओढणारे रूळ उलटे फिरवायचा दांडा कधी कधी सटकतो, त्याचे दात झिजलेत. पेंढीबरोबर हात ओढला गेला तर तोच दांडा वाचवतो. फिटरला निरोप दिलाय. तो येईपर्यंत आईला यंत्राजवळ येऊ देत नाही. पेंढी मीच लावतो, आणि मुलगा मेन स्विचपाशी उभा असतो.