अमेरिकेत एमएस: विद्यापीठाचा विमा घ्यावा की इथूनच काढून न्यावा?

पहिल्या सेमिस्टरचं बिल आलं की ट्यूशन फीच्या खाली 'हेल्थ इन्शुरन्स' अशी एक ओळ असते. बऱ्याच ठिकाणी आकडा वर्षाला दोन-तीन हजार डॉलरच्या घरात. इथून काढलेली स्टुडंट पॉलिसी त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते, म्हणून घरोघरी तिचाच आग्रह धरला जातो. पण प्रीमियम हा नंतर बघायचा मुद्दा आहे.

आधी वेव्हर बघा, म्हणजे स्वतःची पॉलिसी दाखवून विद्यापीठाच्या विम्यातून मिळणारी सूट. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर विम्याची सक्ती केंद्र सरकारची नाही, विद्यापीठाची असते. जे-१ या एक्स्चेंज व्हिसाला मात्र सरकारी नियम आहे: दर आजाराला किंवा अपघाताला किमान १ लाख डॉलरचं कवच आणि डिडक्टिबल (विम्याचे पैसे सुरू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) ५०० डॉलरच्या आत. काही विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांना वेव्हर देतच नाहीत. तिथे चर्चा संपली. जी देतात त्यांच्या अटी नीट वाचा. जुने आजार आणि मानसिक आरोग्य कव्हर हवं, अशा अटी असतात आणि आपल्याकडच्या पॉलिसी बहुधा तिथेच अडकतात. वेव्हरच्या अर्जाची मुदत चुकली की बिलातली रक्कम भरावीच लागते.

वेव्हर मिळतोय असं धरू. समजा अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, बिल ३०,००० डॉलर. विद्यापीठाच्या प्लॅनमध्ये डिडक्टिबल ५०० आणि को-इन्शुरन्स (उरलेल्या बिलातला तुमचा वाटा) २० टक्के असेल, तर ५०० अधिक उरलेल्या २९,५०० चे ५,९००, म्हणजे ६,४०० डॉलर तुमचे. प्लॅनची 'आउट ऑफ पॉकेट' मर्यादा (वर्षभरात तुमच्या खिशातून जाणारी कमाल रक्कम) ४,००० असेल तर तुमचा खर्च तिथेच थांबतो. भारतीय पॉलिसीत को-इन्शुरन्स नसेल तर याच ऑपरेशनला ती स्वस्तही पडेल, हे मान्य करायला हवं. खरी अडचण मोठ्या आजारात येते. ५०,००० डॉलरची पॉलिसी गंभीर अपघातानंतर आयसीयूतच संपू शकते आणि पुढचं सगळं घरच्यांवर. ओबामाकेअर या अमेरिकी आरोग्यविमा कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या विद्यापीठ-प्लॅनला मूलभूत उपचारांवर वार्षिक वा आयुष्यभराची कमाल रक्कम ठेवता येत नाही, जुना आजारही नाकारता येत नाही. दमा, मधुमेह, थायरॉइड असलेल्यांनी दुसरीकडे बघूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि पैसे भरूनही मुलं विद्यापीठाचा विमा वापरत नाहीत! वार्षिक तपासणी, फ्लूची लस या गोष्टी नेटवर्कमधल्या (विमा कंपनीशी करार असलेल्या) डॉक्टरकडे अशा प्लॅनमध्ये मोफत असतात. काउन्सेलिंग तर बऱ्याचदा कॅम्पसवरच मिळतं. ताप आला की मात्र रूममेटच्या डब्यातली क्रोसिन, आणि अगदीच अंगाशी आलं की थेट इमर्जन्सी रूम. आधी कॅम्पसचं हेल्थ सेंटर गाठा. काही प्लॅनमध्ये त्यांच्या रेफरलशिवाय (पुढे पाठवणाऱ्या चिठ्ठीशिवाय) बाहेरच्या डॉक्टरचं बिल मंजूरच होत नाही. सेंटर बंद असेल आणि जिवावरचं नसेल तर अर्जंट केअर, म्हणजे तातडीच्या पण किरकोळ दुखण्यांचं क्लिनिक. २०२२ पासून इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरच्या बिलापासून कायद्याचं संरक्षण आहे, पण रस्त्याने धावणारी रुग्णवाहिका त्यात नाही. मुरगळलेल्या पायासाठी ती बोलावू नका.

भारतीय पॉलिसीत काही गोष्टी अशा असतात ज्या विद्यापीठाच्या विम्यात सहसा सापडत नाहीत: हरवलेलं सामान, आजारपणामुळे सेमिस्टर बुडाल्यास फीची भरपाई, फी भरणाऱ्या पालकाचं निधन झाल्यास उरलेल्या शिक्षणाचा खर्च. शैक्षणिक कर्ज वडिलांच्या पगारावर चालणार असेल तर हे शेवटचं कलम जरूर वाचा.

म्हणून माझी निवड अशी: पहिल्या वर्षी विद्यापीठाचाच विमा, आणि तो सुरू होण्याआधीच्या दिवसांपुरती इथली छोटी ट्रॅव्हल पॉलिसी. पदवीनंतर ओपीटीत (शिक्षणानंतर तात्पुरतं काम करण्याच्या परवानगीच्या काळात) नोकरी लागेपर्यंत विद्यापीठाचं कवच सहसा नसतं. त्या महिन्यांची सोय आधीच लावा. दात आणि चष्मा मूळ प्लॅनमध्ये बहुधा येत नाहीत. रूट कॅनल राहिलं असेल तर निघण्यापूर्वी इथेच उरकून घ्या.