एडनचं आखात की केपचा वळसा?

कोचीहून भूमध्य समुद्राकडे शिडाची बोट न्यायची आणि चाचेही टाळायचे, तर वाटा तीन. इतर बोटींच्या ताफ्यासोबत येमेन आणि सोमालियामधलं एडनचं आखात ओलांडून लाल समुद्रात शिरायचं, केप ऑफ गुड होपवरून आफ्रिकेला दक्षिणेकडून वळसा घालायचा, नाहीतर बोट मालवाहू जहाजावर चढवायची. 2011 मध्ये मुंबईहून ओमानमधल्या सलालाहकडे निघालेल्या 'क्वेस्ट' या शिडाच्या बोटीवरचे चौघे सोमाली चाच्यांच्या हातून मारले गेले. त्यानंतर अनेकांनी मालदीवहून तुर्कस्तानपर्यंत आपल्या बोटी जहाजावरून पाठवल्या. खर्च झेपत असेल तर तेही बरंच.

उरलेल्या दोन्ही वाटांनी मी गेलो आहे. ताफ्याची वाट खूपच जवळची. जानेवारी-फेब्रुवारीत वारा पाठीशी असतो आणि युकेएमटीओला (जहाजांच्या सुरक्षेवर नजर ठेवणारं ब्रिटिश नौदलाचं केंद्र) कळवून ठेवलं की युद्धनौकांना तुमचा ठावठिकाणा माहीत असतो. दिवसा आजूबाजूला शिडं दिसली की धीरही येतो.

रात्री मात्र दिवे बंद, एआयएस (बोटीची जागा इतरांना कळवणारं यंत्र) बंद, आणि वेग सगळ्यात संथ बोटीचा. रांग मोडू नये म्हणून शिडं उतरवून इंजिनावरच चालायचं. त्या घरघरीत दुसरं काही ऐकू येत नाही. पहाऱ्यावरच्या माणसाची नजर पुढच्या बोटीच्या काळ्या आकृतीवर खिळलेली, कारण ती जरा मंदावली की आपण तिच्यावर आदळणार. चाच्यांची स्किफ, म्हणजे छोटी वेगवान होडी, येते ती बहुधा मागून, आणि मागे बघायला कुणी मोकळंच नसतं. आपल्या बोटीचा काठ पाण्यापासून हात-दीड हात वर. चढायला शिडीसुद्धा लागत नाही. माझं मन तिथेच उडालं.

केपचा रस्ता लांबचा, आणि सोपा मुळीच नाही. 'लिन रायव्हल' ही शिडाची बोट 2009 मध्ये सेशेल्सहून निघाल्यावरच चाच्यांकडून पकडली गेली होती, म्हणून मालदीवनंतर पूर्वेकडून रॉड्रिग्ज, मॉरिशस, रेयुनियन असं उतरावं. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत नैऋत्येकडे वाहणाऱ्या अगुल्हास या सागरी प्रवाहावर नैऋत्येचा वारा उलटा आला की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. पण वायुभारमापकाचा काटा आधी सूचना देतो. तिथल्या रिचर्ड्स बे बंदरात थांबून वारा फिरायची वाट बघता येते, आणि वाऱ्याने वाटेत गाठलंच तर 200 मीटर खोलीच्या रेषेच्या आत, किनाऱ्याकडे सरकता येतं.

रजा मोजकी असेल तर ताफा निवडणाऱ्याला मी एरवी नावं ठेवली नसती. पण 2023 च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर येमेनमधल्या हूथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले, डिसेंबरात सोमाली चाच्यांनी 'रुएन' हे मोठं जहाज पळवलं. निदान मी तरी पुन्हा केपनेच जाईन. तुम्हीही तेच ठरवलंत, तर चक्रीवादळांचा मोसम लागण्याआधी, ऑक्टोबरच्या सुमारास रेयुनियन सोडा.